पद्मिनीचा इंजिन बे प्रदर्शनासाठी तयार करताना

जुनी गाडी प्रदर्शनात उभी करायची ठरली की नवा माणूस पहिला खर्च बाहेरच्या रंगावर आणि बंपरच्या क्रोमवर करतो. बोनेटखाली डिझेल मारून पुसलेलं इंजिन, काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरी आणि चार दुकानांतून आणलेले चार तऱ्हेचे क्लिप तसेच राहतात. परीक्षक मात्र बोनेट उघडायला सांगतोच, आणि गाडीवर किती मेहनत झाली आहे हे त्याला तिथेच कळतं. म्हणून इंजिन बेचं, म्हणजे बोनेटखालच्या इंजिनाच्या कप्प्याचं, काम मी बाहेरच्या रंगाच्या आधी करायला सांगतो. गाडी मी प्रीमियर पद्मिनी धरली आहे. तिच्यावर हात बसला की फियाट ११०० डिलाइट असो वा अॅम्बॅसेडर, क्रम तोच राहतो.

पहिल्या प्रकल्पाला पद्मिनीइतकी चांगली गाडी आपल्याकडे शोधून मिळणार नाही. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं सरळ इंजिन, कार्ब्युरेटर, मेकॅनिकल पेट्रोल पंप, आणि चारही बाजूंनी हात जाईल एवढी जागा. सेन्सर नाहीत, संगणक नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, पण या गाड्या जाणणारे मिस्त्री आणि वायरमन अजून आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायचं असेल तर हीच वेळ आहे.

आधी ठरवा: मूळ रूप की आपल्या आवडीचं रूप

हा निर्णय पाना हातात घेण्याआधी व्हायला हवा, कारण पुढची प्रत्येक खरेदी त्यावर ठरते. मूळ रूपाच्या गटात उतरायचं असेल तर गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. तिथे निळे सिलिकॉन पाइप, क्रोमचं टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण), आरशासारखं घासलेलं अॅल्युमिनियम यांचे गुण कापले जातात. मॉडिफाइड गटात वायरी लपवणं, पॉलिश, वेगळे रंग हे सगळं चालतं, पण तिथे हातसफाई आणखी बारकाईने पाहिली जाते.

पद्मिनीसाठी माझा कौल मूळ रूपाला आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि फारसे बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आज हौसेने कापलेला पत्रा उद्या त्या नोंदणीच्या आड येऊ शकतो. पद्मिनीत बोनेटखालचा पत्रा बॉडीच्याच रंगाचा असतो, त्यामुळे बेचा रंग बदलणं म्हणजे गाडीचाच रंग बदलणं. तसं करणार असाल तर आरटीओत आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते.

खोलण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. त्यानंतर फोटो. लांबून काढलेले चार फोटो कामाचे नाहीत. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक वायरचं टोक आणि पाइप कुठून वळतो ती जागा जवळून टिपा, आणि फ्रेममध्ये शेजारचा एखादा ओळखीचा भाग येऊ द्या. काढलेले बोल्ट चेनच्या पिशवीत घालून वर मार्करने लिहा: 'डायनॅमो ब्रॅकेट, खालचे दोन' (डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र). नुसतं 'डायनॅमो' लिहिलं तर जोडताना लांब बोल्ट कुठला आणि आखूड कुठला यात अर्धा दिवस जातो. वायरींना मास्किंग टेपची झेंडी लावून नंबर द्या आणि तोच नंबर वहीत उतरवा.

सगळ्यात महत्त्वाचं काम चॅसिस नंबरचं. पत्र्यावर ठोकलेला नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि ठसा उमटवून घ्या. आरटीओतही पडताळणीला असाच ठसा घेतात. मग दोन्ही जागांवर टेप लावा आणि पेंटरला स्वतः बोट ठेवून दाखवा: इथे ग्राइंडर नाही, लांबी (खळगे भरायची पुट्टी) नाही, रंगाचा जाड थर नाही. नंबर बुजला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी फिटनेसला आणि विकताना डोकं धरून बसावं लागतं. रिव्हेट मारलेली कंपनीची प्लेट काढायची झालीच तर रिव्हेटही जपून ठेवा.

मूळ रंग आणि मूळ फिनिश कसा होता हे गाडीच सांगते. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, बॅटरी ट्रेच्या मागे, हॉर्नच्या पट्टीखाली ऊन आणि ब्रश दोन्ही पोचलेले नसतात. तिथला रंग, तिथल्या बोल्टची छटा यांचे फोटो काढून ठेवा. पुढे कुणी 'असा नव्हताच' म्हणालं तर हाच तुमचा पुरावा.

इंजिन उतरवायचं का? शोसाठी करत असाल तर हो. चेन ब्लॉक भक्कम गर्डरला लावा आणि लटकत्या इंजिनाखाली कुणीही, एक क्षणही, हात घालायचा नाही. इंजिन जागेवर ठेवून फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि आतल्या मडगार्डचे कोपरे नीट रंगवता येत नाहीत, आणि नजर नेमकी त्याच कोपऱ्यांवर जाते.

धुलाई

वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून जो लगदा होतो तो आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढा. मग डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश, शेवटी पाण्यात मिसळणारा डिग्रीझर आणि गरम पाणी. डिझेलवर थांबू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. इंजिन उतरवलेलं नसेल तर कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका. तेलाचं पाणी ट्रेमध्ये गोळा करा, गटारात सोडू नका.

कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी लोखंडावरचा जुना रंग आणि काजळी झटकन काढतं. पण त्यात अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग टाकायचा नाही. सोडा अॅल्युमिनियम खातो. कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि सिलेंडर हेड त्यापासून लांबच ठेवा. जुनी गॅस्केटं आणि सायलेन्सरजवळच्या उष्णतारोधक पट्ट्या यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्या कोरड्या घासू नका, पाण्याने भिजवून काढा.

पत्रा आणि रंग

बॅटरी ट्रेखाली हमखास गंज सापडतो. अॅसिड गळून पत्रा चाळणीसारखा झालेला असतो आणि वरून लांबी भरून झाकलेला असतो. टोचणीने टोचून पाहा. आत जात असेल तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. अॅसिडची जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग लावू नका, नाहीतर फुगे येणार.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसतो. कारखान्यात पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, आणि त्या ठिकाणी छोटे गोल खळगे दिसतात. चांगला पेंटरसुद्धा सवयीने ते लांबीने भरून सपाट करतो. भरू देऊ नका. ते खळगे आणि जोडावरच्या सीलंटची रेघ ही मूळ गाडीची खूण आहे. जाणकार परीक्षक ती शोधतो, आणि गुळगुळीत भिंत दिसली की गाडी मूळ रूपापासून ढळली हे त्याला लगेच कळतं. जुना सीलंट तडकलेला असेल तर काढून नवा भरा, पण रेघ तशीच ठेवा.

रंगाआधी जुना रंग कुठला आहे ते तपासा. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात घासा. रंग बोळ्यावर उतरला तर तो एनसी, म्हणजे ज्याला आपल्याकडे डुको म्हणतात तो. त्यावर थेट पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला तर पीयूचा थिनर खालचा थर सोडवतो आणि रंग सुरकुततो. शो गाडीला जुना रंग पूर्ण उतरवून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमरचे दोन पातळ हात द्यावेत. लांबी लागलीच तर ती इपॉक्सीच्या वर, अगदी पातळ. लांबी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून १८० पर्यंत घासायची, प्राइमरला ३२० चा पेपर आणि रंगाआधी ६०० किंवा ८०० चा वॉटर पेपर. कोपऱ्यात बोटांनी घासताना दाब जास्त पडतो आणि धार उघडी पडते, तिथे प्राइमर पुन्हा मारून घ्या.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला कायमचं बाधतं. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. ताजी हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथ नसेल तर हे काम घरच्या पार्किंगमध्ये करू नका, बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

आणि ऋतू बघा. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर रंगकाम काढू नये. दमट हवेत एनसीवर पांढरट ढग येतात आणि सँड ब्लास्ट केलेला (वाळूच्या झोताने साफ केलेला) उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पावसाळ्यात खोलणं, सुटे भाग साफ करणं, प्लेटिंग, वायरिंग ही कामं उरका, रंग दसऱ्यानंतर. बहुतेक रॅल्या आणि प्रदर्शनं हिवाळ्यात असतात, म्हणजे निवांत काम करणाऱ्याने पुढच्या हिवाळ्याचा हिशेब धरावा.

इंजिन

ब्लॉकला इंजिन एनॅमल पुरतं, कारण तिथलं तापमान फार चढत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीचं, तसं नाही. तिथे ६०० अंश सेल्सिअस सोसणारा रंगच हवा, तोही प्राइमरशिवाय, ब्लास्ट केलेल्या उघड्या बिडावर, दोन-तीन पातळ हातांत. हा रंग तापल्यावरच पक्का होतो. पहिल्यांदा इंजिन दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड, मग अर्धा तास. पहिल्या खेपेला धूर आणि वास येईल, घाबरू नका.

सँड ब्लास्टिंग किंवा ग्लास बीडने (काचेच्या बारीक मण्यांच्या झोताने) इंजिनाचे भाग सुंदर निघतात, पण एक कण तेलाच्या वाटेत राहिला तरी बेअरिंग जातं. ज्या भागांत तेल किंवा पेट्रोल खेळतं ते आतून ब्लास्ट करायचे नाहीत. बाहेरून करताना सगळी भोकं रबरी बुचांनी बंद करा. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात, तेव्हा ब्रॅकेटमधली रबरी बुश आधी काढून द्या. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं करणारे मिळतात, पण आपला डबाभर माल मोठ्या ऑर्डरमध्ये हरवू नये म्हणून प्रत्येक भागाची यादी आणि फोटो देऊन पावती घ्या.

रेडिएटरवर मॅट काळ्याचा अगदी पातळ हात. जाड थराने उष्णता बाहेर पडत नाही आणि मे महिन्यात काटा लाल रेषेकडे जातो.

नट-बोल्ट

माझ्या मते इंजिन बे शोचा होतो तो इथे. रंग सगळेच मारतात, बोल्टकडे फार थोडे पाहतात.

जुन्या गाडीत एका टॅपेट कव्हरवर तीन प्रकारची बोल्टची डोकी सहज सापडतात. पद्मिनी मुळात फियाटची आणि फियाटचं माप मेट्रिक असल्यामुळे नवे बोल्ट मिळतात, पण हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट मूळ गाडीवर परका दिसतो, आणि अॅल्युमिनियममध्ये कोरडा बसवला तर कालांतराने अडकून बसतो. जुने मूळ बोल्टच साफ करून प्लेटिंगला द्यावेत. झिंक प्लेटिंग पांढरं किंवा पिवळं, आणि काळे हवे असतील तर ब्लॅकोडायझिंग (रसायनाने काळा थर देणं). कुठला बोल्ट कुठल्या छटेचा होता ते तुमच्या फोटोंतल्या ब्रॅकेटखालच्या जागा सांगतील. डोक्यावर ८.८ (ताकदीचा आकडा) लिहिलेले बोल्ट निर्धास्त द्या. १०.९ किंवा त्याहून कडक बोल्ट प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात, ते प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत भाजून घ्यावे लागतात. प्लेटिंगवाला ते करत नसेल तर असे बोल्ट तिथे देऊच नका. कनेक्टिंग रॉड आणि हेडचे बोल्ट तर दिसण्यासाठी प्लेट करायचेच नाहीत.

प्लेटिंग झालेला बोल्ट उघड्या पान्याने आवळला की डोक्याचे कोपरे खरचटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा आणि गोटीच्या आत चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. स्क्रू असतील तिथे शेवटी सगळ्यांच्या खाचा एका दिशेला आणा, होज क्लिपचे स्क्रूही एकाच बाजूने वळवा. एका नजरेत पाहणाऱ्याला नेमकं काय आवडलं ते सांगता येत नाही, पण आवडतं ते हेच.

मूळ भाग हवे असतील तर मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ. सोबत जुना भाग न्या. दुकानदाराला नाव सांगून उपयोग नाही, तुकडा हातात दिला की तो आतून बरोबर जोड काढून आणतो.

वायरिंग

जुनी वायरिंग टेप गुंडाळून चालवून घेऊ नका. आतली तार काळी पडलेली असते आणि इन्शुलेशन बोटात तुटतं. जुना जुडगा मोठ्या प्लायवूडवर पसरून खिळ्यांनी त्याचा आकार पक्का करा आणि त्याच वाटेने नवी वायर टाका. मूळ रंगसंगती पाळा, म्हणजे पुढच्या वायरमनला शोधाशोध करावी लागणार नाही. जाडी कमी पडू देऊ नका: छोट्या दिव्यांना १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटच्या मुख्य वायरला २.५, अल्टरनेटर असेल तर त्याच्या वायरला ६, आणि बॅटरी ते स्टार्टर २५ च्या आसपास. थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल दिसतंही वाईट आणि तापतंही. जुडग्यावर चिकट टेप नको. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. बिनडिंकाची पीव्हीसी टेप अर्ध्यावर अर्धा थर देत गुंडाळा आणि टोकांना स्लीव्ह तापवून बसवा.

डिस्ट्रिब्युटरपासून प्लगच्या वायरी १-३-४-२ या ठिणगीच्या क्रमाने. चारही एकमेकींना समांतर, एकमेकींना न शिवता आणि मॅनिफोल्डपासून लांब.

आता अर्थिंग. नव्याने रंगवलेली गाडी सगळं जोडूनही स्टार्ट होत नाही, आणि मिस्त्री स्टार्टर खोलायला घेतो. दोष बहुधा रंगात असतो. अर्थचं थिंबल नव्या रंगावर बसलेलं असतं आणि रंगातून वीज जात नाही. थिंबलच्या मापाचा गोल रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, बोल्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. खात्री करायची तर कॉइलची मधली वायर काढून ब्लॉकला टेकवा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं ब्लॉकवर धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थ कच्चा आहे.

पाइप, पहिला स्टार्ट आणि प्रदर्शनाचा दिवस

पेट्रोलचा रबरी पाइप दिसायला नवा असला तरी बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, चिरतं. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं पाहून घ्या, पण छापील बाजू खाली वळवून बसवा. ब्रेक ऑइल भरताना बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळा. ते रंगावर सांडलं की काही मिनिटांत रंग सोलतं. सांडलंच तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

पहिल्या स्टार्टला अग्निशामक हाताशी हवा. गळती शोधायला ब्लॉकखाली पांढरा कागद पसरा. काही वेळाने हिरवा डाग दिसला तर कूलंट, तपकिरी दिसला तर तेल, आणि नुसता वास येऊन डाग उडून गेला तर पेट्रोल. गळणारं इंजिन पुसून प्रदर्शनात नेण्यात अर्थ नाही, परीक्षक खाली वाकतोच. प्रदर्शनाआधी गाडी निदान शंभर किलोमीटर चालवा, मग सगळे क्लिप आणि मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळा.

त्या दिवशी सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच: मऊ मायक्रोफायबर, कोपऱ्यांसाठी रंगाचा मऊ ब्रश, बॅटरीवर चालणारा छोटा ब्लोअर आणि खालची बाजू पाहायला दांडीचा आरसा. रबरी पाइपांवर चकाकणारा सिलिकॉन स्प्रे नको, त्यावर मैदानातली सगळी धूळ बसते. बोनेटची आतली बाजू, बिजागऱ्या आणि बोनेट टेकवायची काठी आदल्या रात्री पुसून ठेवा, कारण बोनेट वर गेलं की पहिली नजर तिथे जाते. खोलण्याआधीचे फोटो आणि पावत्यांची फाइल पुढच्या सीटवर ठेवा. परीक्षकाने एखाद्या बोल्टच्या छटेबद्दल विचारलं तर तो ब्रॅकेटखालचा फोटो काढून दाखवा.